न्हाणीघरातील व्हेंटिलेटर

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मजकडून मुलांचा आहार, लसीकरण किंवा परीक्षेच्या दिवसांतील पोटदुखी अशाच एखाद्या विषयाची अपेक्षा असणार, हे उघड होते. पंचवीसहून अधिक वर्षे बालरोगचिकित्सा करणाऱ्या माणसाने दुसरे काय लिहावे? परंतु या खेपेस मी माझ्या दुसऱ्या, काहीशा संकोचाने सांगण्याच्या उद्योगाविषयी लिहिणार आहे. मी घरमालक आहे. भंवरकुआं परिसरातील आमच्या जुन्या घराच्या दहा खोल्या मी भाड्याने देतो. दवाखान्यात मी ‘डॉक्टर साहेब’ असतो, त्या गल्लीत ‘मकान मालिक’. या दोन माणसांची एकमेकांशी ओळख फार उशिरा झाली, आणि ज्या प्रसंगाने ती झाली तो आजवर मी चारचौघांत सांगितलेला नाही.

भंवरकुआं इंदूरकरांना ठाऊक आहेच. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर जिथे खंडव्याकडे जाणारा रस्ता फुटतो, तो हा चौक. २०२१ मध्ये त्याला जननायक टंट्या मामांचे नाव देण्यात आले; तरी रिक्षावाल्याला अजून भंवरकुआंच सांगावे लागते. जवळच १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय, खंडवा रस्त्याला देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर, आणि भोवतालच्या गल्ल्यांतून शिकवणी वर्गांचे फलक. राज्य लोकसेवा आयोगाच्या, बँकेच्या, शिक्षक भरतीच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली खरगोन, बडवानी, बैतूल, छिंदवाडा येथून येतात आणि दहा बाय दहाच्या खोलीत दोन-तीन वर्षे काढतात. त्यांच्या भिंतीवर मध्य प्रदेशाचा नकाशा, कोपऱ्यात गव्हाचा डबा आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल असतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेली ही मुले आपल्या घरी राहतात, याची जाणीव ठेवणारे मालक त्या गल्ल्यांत आहेत आणि न ठेवणारेही आहेत. मी स्वतःला पहिल्या वर्गातला समजत असे.

हे घर माझ्या वडिलांनी १९८४ साली बांधले. त्यापूर्वीची पंधरा वर्षे आम्ही रामबागेतील एका वाड्यात बिऱ्हाडकरू होतो. दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास, आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरात ठेवलेली तीन पातेली. छत गळे. मालक सज्जन होते, भेटले की चौकशी करीत, पण कौले काही बदलत नसत. म्हणून स्वतःच्या घरात पहिले बिऱ्हाड ठेवले, तेव्हा वडिलांनी एक नियम केला : पहिला पाऊस पडला की आधी बिऱ्हाडकरूच्या खोलीत जाऊन वर पाहायचे, मग आपल्या. ते हयात असेतो हा नियम कधी मोडला नाही. आषाढात, कमरेला धोतर खोचून, स्टुलावर उभे राहून दुसऱ्याच्या छताला हात लावून पाहणारे वडील मला आजही डोळ्यांसमोर दिसतात.

वडील २००९ साली गेले. आम्ही तोवर दुसऱ्या वस्तीत राहायला आलो होतो. घर जुने झाले होते आणि भंवरकुआंतील खोल्यांना मागणी वाढत होती. २०११ मध्ये मी घराचे नूतनीकरण काढले. खाली एक कुटुंब राहू शकेल असा भाग, वर विद्यार्थ्यांसाठी खोल्या. ठेकेदार हुशार होता. पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला एक लांबट बाल्कनी होती. ती विटांनी बंद केली, वर पत्रा टाकला, की अजून एक खोली निघत होती. महिन्याला अडीच हजार रुपये! अडचण एकच होती. शेजारच्या न्हाणीघराचा व्हेंटिलेटर त्या बाल्कनीत उघडत असे. आता तो नव्या खोलीत उघडला असता. ठेकेदार म्हणाला, “डॉक्टर साब, इसमें क्या है, रोशनदान बंद कर देते हैं। लाइट तो है ही।” मी घड्याळाकडे पाहिले. दवाखान्याची वेळ झाली होती. मी म्हणालो, “कर दो.”

आपल्या व्यवसायात व्हेंटिलेटर हा शब्द उच्चारताच नातेवाइकांचे चेहरे उतरतात. गवंड्याच्या भाषेत तोच शब्द भिंतीतील एका दीड फुटी भोकासाठी आहे. एक बसवावा लागू नये म्हणून दुसरा उघडा असावा लागतो, हे मला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकविले नव्हते, आणि खरे म्हणजे शिकवायची गरजही नव्हती. साधे तारतम्य पुरेसे होते.

त्या न्हाणीघराची मापे मला पाठ आहेत : चार फूट बाय साडेपाच फूट, उंची आठ फूट. दार पत्र्याचे, खाली फट जेमतेम बोटभर. विजेचे बिल वाढते म्हणून त्यात गॅसचा गीझर बसविला होता. लहान, स्वस्त, भिंतीवर टांगायचा. नळ उघडताच पेटणारा. सिलिंडर दाराबाहेर होता, त्यामुळे आपण सुरक्षिततेची काळजी घेतली, असे मला वाटत होते.

२०१४ चा जानेवारी. संक्रांतीला चार दिवस उरले होते आणि थंडी कडाक्याची होती. वरच्या खोलीत पांढुर्ण्याच्या दोन मैत्रिणी राहत होत्या. संत्र्यांच्या त्या मुलखातील मुली घरी मराठी बोलणाऱ्या, म्हणून मला ‘काका’ म्हणत. सकाळी साडेसात वाजता एकीचा फोन आला. दुसरी अंघोळीला गेली होती, वीस मिनिटे झाली, आतून पाण्याचा आवाज येत होता पण हाकेला उत्तर नव्हते. मी म्हटले, “खालच्या भावजींना बोलाव, दार तोडा, तिला बाहेर मोकळ्या हवेत आणा, मी निघालो.” मी पोहोचलो तेव्हा ती गच्चीच्या जिन्यात शाल गुंडाळून पडलेली होती. श्वास चालू, नाडी जलद, हाक मारल्यावर डोळे किलकिले होत. कपाळाला पडल्याची जखम. जमलेल्या मंडळींचे निदान तयार होते. कोणी म्हणे फिट आली, कोणी म्हणे रात्रभर जागते, खात नाही, चक्कर आली.

मी न्हाणीघराच्या दारात उभा राहिलो. गीझर अजून पेटलेला होता. ज्योत निळी नव्हती, पिवळसर होती. समोरच्या भिंतीवर, जिथे व्हेंटिलेटर असायला हवा होता, तिथे गुळगुळीत प्लास्टर होते आणि त्यावर मीच निवडलेला आकाशी रंग.

येथे डॉक्टर वाचकांसाठी थोडे थांबतो. गॅसची गळती नाकाला कळते, कारण वासासाठी त्यात मर्कॅप्टन मिसळलेले असते. परंतु कोंडलेल्या जागेत प्राणवायू कमी पडून अपुरे ज्वलन झाले की जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने नाक चुरचुरतही नाही. हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक. डोके दुखणे, मळमळणे, पाय गळून जाणे आणि मग शुद्ध हरपणे हा क्रम कधी कधी काही मिनिटांतच पूर्ण होतो. आणि आपली सर्वांत मोठी फसगत बोटाला लावायच्या यंत्राने होते. साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्त समजतो. त्या दिवशी रुग्णालयात त्यावर ९९ आकडा दिसत होता आणि तेथील तरुण डॉक्टर मला धीर देत होते, “सर, सॅच्युरेशन उत्तम आहे.” मी म्हटले, आकड्याकडे पाहू नका, मुखवट्याने शंभर टक्के प्राणवायू सुरू करा. साध्या हवेत हा विषारी संयोग निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर तो काळ दीड तासाच्या आत येतो. दोन तासांनंतर रक्ताची विशेष तपासणी झाली, तेव्हाही कार्बोक्सिहिमोग्लोबिन १६ टक्के निघाले. संध्याकाळपर्यंत मुलगी नीट बोलू लागली. पहिला प्रश्न तिने विचारला तो, “काका, दार मोडलं त्याचे पैसे किती?”

त्या रात्री मला झोप आली नाही. पडल्या पडल्या आधीच्या हिवाळ्यातील एक सात वर्षांचा मुलगा आठवला. अंघोळ करताना त्याला ‘झटका’ आला होता. मेंदूचा आलेख साधारण निघाला, तरी पुन्हा अंघोळीतच तसे झाले म्हणून मी अपस्माराचे औषध सुरू केले. डोक्यावरून गरम पाणी घेतल्याने येणारा अपस्मार दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, वर्णिलेला आहे. तोही विचार मनात येऊन गेला होता. पण ‘पाणी कशावर तापते, आणि न्हाणीघराला खिडकी आहे का?’ हा प्रश्न मी विचारला नव्हता. सकाळी उठून जुनी वही काढली, त्या घरी फोन केला. गॅसचा गीझर, खिडकी नाही. तो काढला, मुलाला पुन्हा कधी काही झाले नाही आणि पुढे औषधही बंद केले. हिवाळ्यात, केवळ न्हाणीघरातच येणाऱ्या झटक्याचा किंवा मूर्च्छेचा रुग्ण आपल्यापुढे आला, तर हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

मुलीचे वडील रात्रीच्या बसने निघून सकाळी पोहोचले. पांढुर्ण्याकडचे छोटे बागायतदार. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही घरमालक म्हणून भेटलात हे आमचं भाग्य. दुसरीकडे असती तर पोर गेली असती.” मी काहीतरी पुटपुटलो. अनामत रक्कम पूर्ण परत केली, रुग्णालयाचा खर्च भरला. त्यांना त्यात माझे औदार्य दिसले. ती अकाशी रंगाची भिंत मात्र मी त्यांना दाखविली नाही.

या विषबाधेत एक चकवा असतो. रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी स्मरणशक्ती, एकाग्रता, कधी चालही बिघडू शकते. सर्वांनाच होते असे नाही, पण होते. आणि ही मुलगी तर स्मरणशक्तीच्याच बळावर परीक्षा द्यायला निघालेली. मी दर रविवारी पांढुर्ण्याला फोन करीत असे. वर्तमानपत्रातील एक उतारा वाचायला सांगे, मग त्यावर प्रश्न विचारी. ती हसे. “काका, मुलाखत घेताय का?” सहाव्या रविवारी फोन वडिलांनी उचलला. मुलगी उत्तम होती, पुन्हा अभ्यासाला बसली होती, म्हणून ते माझे आभार मानू लागले. मला ते पुढे ऐकवेना. मी म्हणालो, “भाऊसाहेब, त्या न्हाणीघराला व्हेंटिलेटर होता. एक खोली वाढवायची म्हणून मी तो बुजवून घेतला. त्यामुळे हे झालं.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, “आता उघडला का तो?”

मी म्हटले, “हो. भिंतही पाडली.”

“मग बरं केलंत,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला. मुलगी पुन्हा आमच्याकडे राहायला आली नाही. तिच्या मैत्रिणीकडून खुशाली कळत असे.

भिंत मी खरोखरच पाडली होती. बाल्कनीची खोली गेली, तिचे वर्षाचे तीस हजार रुपये गेले. गॅसचे गीझर तिन्ही मजल्यांवरून काढले, विजेचे बसविले. तेव्हा लक्षात आले की २०११ च्या वायरिंगमध्ये ठेकेदाराने न्हाणीघरांना अर्थिंगची तार ओढलीच नव्हती. म्हणजे गॅसऐवजी विजेचा गीझर आधीच लावला असता, तर कदाचित दुसरा अपघात झाला असता. सगळी वायरिंग पुन्हा केली, अर्थिंगचा नवा खड्डा घेतला आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरक्षक स्विच बसविला.

पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, नळांचे पाइप आणि विजेचे वायरिंग मालकाकडे. नळाचे वायसर, मोरी साफ करणे, स्विच-सॉकेट आणि गीझरची दुरुस्ती भाडेकरूकडे. वाचताना मी थबकलो. कागदोपत्री गीझर भाडेकरूचा आहे! परंतु त्या गीझरला हवा कोठून मिळणार, हे ठरविणारी भिंत माझी आहे. बावीस वर्षांच्या मुलीने भिंतीकडे पाहून येथे पूर्वी काय होते, हे कसे ओळखावे? भाडेकरू खोली पाहायला येतो तेव्हा रंग पाहतो, नळ सोडून पाहतो, फार तर पंखा लावून पाहतो. जे प्लास्टरच्या आत आहे ते फक्त मालकाला ठाऊक असते. रोग्यापुढे डॉक्टरची जी जबाबदारी, तिचे मूळही यातच नाही का? आपल्याला जे दिसते ते त्याला दिसत नाही.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी भंवरकुआंत राउंड घेतो. दवाखान्यातला राउंड आणि हा, यांत आता मला फारसा फरक वाटत नाही. प्रत्येक खोलीचा केस पेपर आहे. त्यात रंग कधी दिला, नळ कधी बदलला, ओल कोठे दिसली, तक्रार केव्हा आली आणि केव्हा निवारली, याची नोंद असते. सौ. म्हणतात, रुग्णांपेक्षा खोल्यांची हस्ताक्षरे तुमची चांगली आहेत. आत जाण्यापूर्वी आदल्या दिवशी निरोप देतो. मुलांच्या खोलीत मालक म्हणून केव्हाही शिरणे योग्य नाही.

या राउंडमध्ये मी काय शिकलो, ते थोडक्यात सांगतो. आपल्या मंडळातील कितीतरी जणांचे असे घर, एखादा फ्लॅट, चार खोल्या आहेत, म्हणून ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट भेगांची. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उभ्या घराच्या भिंतीत भेग दिसली की लोक एकतर घाबरतात, नाहीतर लांबी भरून रंग देतात. मी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालतो, जसा मुलाच्या वजनाचा आलेख ठेवतो तसा. मे महिन्यात उघडणारी आणि भाद्रपदात मिटणारी केसासारखी भेग वर्षानुवर्षे तशीच राहते. जी टोकाच्या रेघेपुढे सरकते, रुंदावते, तिरपी जाते, ती मात्र इंजिनिअरला दाखवावी. आमच्या मागच्या भिंतीची एक भेग अशी पुढे गेली, तेव्हा कळले की पागोळ्यांचे पाणी वर्षानुवर्षे तिच्या पायात मुरत होते. नळी चार फूट पुढे नेली, कडेने फरशी केली, भेग थांबली.

दुसरी गोष्ट ओलीची. ओल हे लक्षण आहे, रोग नव्हे. तिच्यावर रंग देणे म्हणजे तापाचे कारण न शोधता पॅरासिटामॉल देणे. गच्चीचा उतार, पाणी जाण्याची तोंडे, कठड्याच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप, भिंतीतला झिरपणारा पाइप, यांपैकी कारण सापडेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नये. गच्चीचे काम चैत्र-वैशाखात, नाल्या आणि तोंडे साफ करणे ज्येष्ठात, आणि रंग दसऱ्यानंतर, भिंत वाळल्यावर. ओलीवर बुरशी धरते, आणि दमेकरी मुलाच्या वह्यांतून मी जे घरचे वर्णन लिहून घेतो, त्यात ही काळी भिंत वारंवार येते. खालच्या भागात राहणाऱ्या कुटुंबाचा धाकटा दर श्रावणात धापा टाकी. मी त्याला वाफारे आणि पंप देत राहिलो. त्याच्या पलंगामागची भिंत माझीच होती, आणि तिच्यातला पाइपही.

तिसरी गोष्ट रंगाची. जुन्या घरांच्या दारे-खिडक्यांवर तेलरंगाचे थर असतात आणि जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरविणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे थर कोरडे घासले तर धूळ घरभर होते, आणि रांगणारे मूल ती बोटांनी तोंडात नेते. आम्ही पाणी मारून घासतो, खोली रिकामी करून, आणि काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसून मगच मुलांना आत येऊ देतो.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी येते, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वर चढून. परंतु अनेक वस्त्यांत ते दिवसाआड येते, म्हणून घरोघरी जमिनीतले हौद आणि गच्चीवरच्या टाक्या आल्या. म्हणजे महापालिकेच्या नळापासून विद्यार्थ्याच्या पेल्यापर्यंतचा शेवटचा टप्पा माझा. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येणारे आपले शहर; त्याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी भंवरकुआंत जाऊन हौदाचे झाकण उघडले. आमचा हौद आणि मैल्याचा चेंबर यांत अंतर किती, हे मला नीट ठाऊक नव्हते. मोजले, सात फूट निघाले. चेंबरला आतून प्लास्टर करून घेतले, हौदाचे झाकण जमिनीपासून उंच केले. आता दर तीन महिन्यांनी हौद आणि टाक्या घासून ब्लीचिंगने धुतल्या जातात, आणि क्लोरिन तपासायची छोटी पेटी वरच्या मुलांच्याच स्वाधीन केली आहे. विज्ञानाचे विद्यार्थी आहेत, त्यांना त्यात रस वाटतो. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले दिसले पाहिजे. दिसले नाही की फोन येतो.

आता पैशाचे. हे सर्व परवडते का, असा प्रश्न आमचे स्नेही विचारतात. आयकराचा कायदा घरभाड्याच्या उत्पन्नातून, महापालिकेचा कर वजा जाता, सरसकट ३० टक्के वजावट देतो. मालकाने छत दुरुस्त केले काय, न केले काय, वजावट तेवढीच. ज्याने काही केले नाही त्याचा त्यात फायदाच आहे. मी उलटा हिशेब धरतो. कायद्याने जी रक्कम वजा करू दिली, ती माझी नव्हे, घराची. तिचे वेगळे खाते आहे. काही वर्षी ती पुरत नाही, काही वर्षी उरते. उरली तर पुढच्या गच्चीसाठी ठेवतो. श्रीमंत होण्याचा हा मार्ग नाही, पण तीस टक्क्यांत घर नीट राहते, एवढे दहा-बारा वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो.

अजून चुका होतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने तक्रार केली की पंख्याच्या खटक्याला झिणझिण्या येतात. मी ‘रविवारी पाहू’ म्हटले. सौ.नी विचारले, “रुग्णाने असे सांगितले असते तर रविवारपर्यंत थांबला असता का?” मी त्याच रात्री इलेक्ट्रिशियनला घेऊन गेलो. केस पेपरवर त्या नोंदीपुढे मी लाल शाईने ‘उशीर’ असे लिहून ठेवले आहे.

डॉक्टर मित्रांना एक विनंती. आपले भाड्याने दिलेले घर पुढच्या रविवारी एकदा पाहून या. रंग पाहू नका. न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्या आणि हवा कोठून येते ते शोधा. पाणी कशावर तापते ते विचारा. गळतीरक्षक स्विचचे चाचणीचे बटण दाबून तो तुटतो का ते पाहा. हौदाचे झाकण उघडा. अर्ध्या तासाचे काम आहे. आपण ज्या घरात आपले मूल ठेवणार नाही, त्या घरात दुसऱ्याचे मूल भाड्याने ठेवले असेल, तर ते तेवढ्या वेळात कळते.

गेल्या डिसेंबरात पहिल्या मजल्यावरच्या त्याच न्हाणीघरात मला व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावलेला सापडला. चिकटपट्टी व्यवस्थित, चारी कडांनी. खोलीतला मुलगा बडवानीचा, यंदाच आलेला. मी पुठ्ठा काढू लागलो तशी तो म्हणाला, “अंकल, बहुत ठंडी हवा आती है।” आता तेथे गॅसचा गीझर नाही, तितका धोकाही नाही. तरी मी त्याला जिन्यात बसविले आणि पांढुर्ण्याच्या मुलीची हकीकत सांगितली, भिंत कोणी बुजविली होती तेही सांगितले. त्याने मुकाट्याने ऐकले. मग म्हणाला, “ठीक है अंकल, बंद नहीं करूँगा। पर हवा तो आती है न।”

त्याचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी मी सुतार पाठवून तिरप्या, कायमच्या उघड्या पट्ट्यांची चौकट बसवून घेतली. वारा थेट अंगावर येत नाही आणि ती बंदही करता येत नाही. केस पेपरवर नोंद केली आहे.